मागावरची रेघ

रागीची कापणी झाली की हत्ती येतात, हे बसवनदोड्डीत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. यंदा ते जरा लवकर आले आणि पाहुण्यांनी मुक्काम वाढवावा तसे राहिले. गुंडोच्या खळ्यालगत रचलेली रागीच्या काडाची गंज त्यांनी दुसऱ्यांदा उधळली, तेव्हा त्याची बायको महानंदा आणि मुलगी सौम्या सकाळपासून काड गोळा करत होत्या. दोघींचे दंड ओरबाडून निघाले होते, नाकातोंडात धूळ गेली होती. गुंडो बांधावर काठी टेकून त्यांच्याकडे बघत होता. निदान बघतोय असं दाखवत तरी होता.

"तिकडं कडेला राहिलंय की गे," तो म्हणाला.

कडेला काही राहिलं नव्हतं. तिथं महानंदाची वाळत घातलेली चादर होती. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा काडाला हात घातला.

गुंडोच्या घराण्याचं काम माग काढायचं. त्याचे पूर्वज मराठी फौजेबरोबर या मुलखात आले ते लढायला नव्हे, चुकलेले घोडे शोधायला. घोडे गेले, मग चुकलेली गुरं आली, मग शिकारीचे शौकीन साहेब आले. आता बेंगळुरूहून, सर्जापूर रोडवरच्या उंच इमारतींतून शाळकरी मुलं येत होती. मकरंद नावाचा एक मूळचा पुण्याचा माणूस कंपनीतली नोकरी सोडून रानाच्या कडेला तंबू टाकून बसला होता. तो मुलांना पायवाटेनं रान दाखवायचा, आणि पुढे चालायला त्याला गुंडो लागायचा. मराठी मंडळाची मुलं आली की तर हटकून, कारण गुंडोला मराठी यायचं. त्याचं मराठी ऐकून मुलं खिदळायची, ती गोष्ट वेगळी.

या कामाचे काही रिवाज होते. घरात काठी एकच. ज्याच्या हातात काठी तो पुढे, त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. माग दिसला की तो वाचायचा आणि त्याच्या शेजारी काठीनं रेघ मारायची. रेघ मारली की तो माग वाचून झाला. मागून येणाऱ्यानं त्याकडे पुन्हा बघायचं नाही आणि काय वाचलं म्हणून विचारायचंही नाही. बघणं म्हणजे पुढच्याच्या डोळ्यांवर अविश्वास. सौम्या लहानपणापासून बापामागून रानात हिंडली होती. रेघ दिसली की तिची मान आपोआप दुसरीकडे वळायची.

आणि आता गुंडोच्या त्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती. गुंडोच्या वडिलांना, आप्पाजींना, कुठल्याशा शिबिरात नेलं होतं आणि ते एक डोळा कायमचा घालवून परत आले होते. त्यामुळे घरात तो शब्द शिवीसारखा होता. बापलेकीनं त्यावर एक तोड काढली होती. सौम्या मागून खोकायची. एकदा खोकली तर माग ताजा, दोनदा खोकली तर शिळा. बाकीचं गुंडो हातानं, नाकानं आणि अनुभवानं निभावून न्यायचा. तिला वाटायचं, हे असं किती दिवस चालणार? पण विचारायची छाती होत नव्हती.

त्या दुपारी तंबूंजवळ मुलं गोल करून बसली होती. नेहमीपेक्षा वेगळं एवढंच, की त्यांच्यात विद्याताई होत्या. विद्याताईंनी याच रानात हत्तींवर अभ्यास करण्यात केस पांढरे केले होते, आणि मकरंदच्या डोक्यात बरेच दिवस घोळत असलेली माग-शाळा त्यांच्या होकारावर अडली होती. आसपासच्या पोरांना माग काढायला शिकवायचं आणि शिकवणारा गुंडो. नाही तर पोरं आनेकलच्या कारखान्यांत जातच होती. सौम्यालाही पॅकिंगच्या कामाचं बोलावणं येऊन पडलं होतं. शाळा झाली नाही तर तीही जाणार, आणि मग त्या काठीला हात लावणारं कुणी उरणार नव्हतं.

"बाळांनो, स्वल्प मागं सरा," गुंडो म्हणाला. मुलं हसली. 'स्वल्प, स्वल्प' असं एकानं हळूच म्हणूनही पाहिलं.

गुंडोनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यानं धुळीत सांबराच्या खुराचा ठसा दाखवला, रेघेचा रिवाज सांगितला. संहिता नावाची एक चष्मेवाली मुलगी सगळ्यांत पुढे बसून कान टवकारून ऐकत होती.

"आणि रेघ मारल्यावर मागच्यानं विचारलंच तर?" तिनं विचारलं.

"विचारायचं नाही. रेघ म्हणजे झालं."

मग विद्याताईंनी जवळच्या एका ठशाकडे बोट केलं. "हा कधीचा असेल, अण्णा?"

गुंडो वाकला. मागून सौम्या दोनदा खोकली.

"शिळा आहे. दोन-तीन दिवसांचा," गुंडो म्हणाला.

विद्याताईंनी वळून सौम्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, पण ती नजर लवकर हटलीही नाही. "तुला सर्दी झालीय का गं? मघापासून बघतेय, अण्णा वाकले की तुला खोकला येतो."

मुलं हसली, मकरंदही हसला. सौम्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गुंडो हसला नाही.

संध्याकाळी तो उद्याची वाट एकटाच बघून आला. सौम्या बरोबर निघाली तर म्हणाला, "तुझी अव्वा एकटी काड ओढतेय, तिकडं बघ." परत आल्यावर चुलीपुढे बसून त्यानं रागीच्या उकडीचा, मुद्देचा, गोळा सारूत बुडवला आणि मान वर न करता म्हणाला, "उद्या खोकायचं नाही."

"अप्पा..."

"मला कुरुड समजतात ते. आंधळ्याला शाळा कोण देईल? वाट बघून आलोय मी. जिथं माग आहे तिथं रेघ मारून आलोय. उद्या फक्त चालायचंय."

"आणि तुम्हाला जे दिसलं नाही ते?" महानंदा म्हणाली. तिनं आमटीसारख्या पातळ सारूची पळी भांड्यात जरा जोरातच आपटली.

"फॉरेस्टवाल्यांनी कळप होसूरच्या अंगाला हाकललाय. वाटेवर काही नाही."

"अप्पा, काठी उद्याच्या दिवस माझ्याकडं द्या," सौम्या बोलून गेली. बरेच दिवस ओठांवर असलेलं वाक्य ते.

गुंडोनं ताट सरकवलं. "माझ्या बापानं एका डोळ्यानं मरेपर्यंत काठी धरली. तू लोकांसमोर तोंड उघडलंस तर त्याच दिवशी मी ती चुलीत घालीन. सरी?"

"सरी," सौम्या म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सकाळी धुकं होतं आणि थंडी चांगलीच होती. दवानं धूळ बसली होती आणि तिच्यावर पातळ पापुद्रा धरला होता. मुलं जॅकेटांत हात खुपसून रांगेत लागली. पुढे गुंडो, त्याच्यामागे मुलं, मध्ये मकरंद, मग विद्याताई, आणि सगळ्यांत शेवटी सौम्या, कमरेवर उप्पिट्टूचा मोठा डबा घेऊन. वर मोठ्या खडकावर बसून सगळ्यांनी खायचं ठरलं होतं. डब्याची कड बरगडीत रुतत होती. इतक्या मागं राहिल्यावर खोकण्याचा प्रश्नच नव्हता. बापानं तिला मुद्दाम मागं ठेवलं होतं, हे तिच्या लक्षात आलं होतं.

तंबूंपासून हाकेच्या अंतरावर वाट फुटते. डावीकडची ओढ्याला उतरते, उजवीकडची घाणेरीच्या दाट जाळीतून खडकावर चढते. गुंडो तिथं थांबला. काठीच्या टोकाला काहीतरी लागलं तसा वाकला, बोटानं चाचपलं.

"रेघ आहे माझी," तो मोठ्यानं म्हणाला. "कालचंच आहे. चला."

आणि तो उजवीकडे चढला. त्याच्यामागून मुलांची रांग त्या जाळीत शिरली.

सौम्या फाट्यावर पोचली तेव्हा वाटेच्या कडेला रेघ दिसताच तिची मान सवयीनं वळली. दोन पावलं ती पुढे गेलीसुद्धा. मग काहीतरी खुपलं. रेघ तोकडी होती. अप्पाची रेघ एका दमात ओढलेली असते, ही थांबत थांबत ओढलेली. ती परत फिरली. रेघेच्या दोन्ही कडांना कोरडी, पांढरट धूळ उकरून वर आली होती. दवाचा पापुद्रा फोडून रेघ गेली होती. कालची असती तर तिच्यात दव बसलं असतं. ही रेघ आजची होती. म्हणजे अप्पाची नव्हती.

मग त्या रेघेशेजारचा माग कुणी वाचला होता?

तिनं डबा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती रेघेपलीकडे वाकून बघत होती. ठसा सुपाएवढा, गोल, आणि त्याच्या पुढ्यात नखांच्या खुणा. नखं खडकाच्या दिशेला. पापुद्रा इथंही फुटलेला. पहाटेनंतरचा, एकट्या नराचा माग. बाजूच्या घाणेरीला उग्र वास येत होता. कळप होसूरला गेला असेल, पण एकजण मागे राहिला होता. तो तंबूंच्या उशाशी येऊन, कुणाची झोप न मोडता, मुलांच्या आधी खडकाकडे गेला होता.

सौम्या खोकली. एकदा, मोठ्यानं.

पुढे गुंडोची पाठ ताठ झाली. त्यानं वळून पाहिलं नाही, उलट पाऊल उचललं. मध्ये दम घेऊन ती पुन्हा एकदाच खोकली. विद्याताईंनी वळून पाहिलं आणि या वेळी त्यांनी सर्दीचं विचारलं नाही. ओरडावं तर जाळीतल्या प्राण्याला ऐकू जाणार. सौम्या धावली. वाट एका माणसाची, दोन्ही बाजूंनी काटेरी घाणेरी. तिनं विद्याताईंना ढकललं, मकरंदला ढकललं, मुलांना कडेला दाबत पुढे गेली. हात सोलून निघाले. आणि मग जे त्यांच्या घरात कुणी कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. ती काठीवाल्याला ओलांडून पुढे झाली आणि तिनं काठी धरली.

"सोड," गुंडो दातांतल्या दातांत म्हणाला.

"अप्पा, ती रेघ तुमची नव्हे."

"हात काढ म्हणतो ना! लोक बघताहेत."

दोघांचे हात एकाच काठीवर होते. मागून कुणीतरी पोर फिस्सकन हसलं. सौम्यानं मनगट पिरगाळलं आणि काठी हिसकली. म्हाताऱ्याच्या हातातून ती किती सहज सुटली, याचंच तिला रडू आलं. मग तिनं बापाच्या पायाच्या अंगठ्यापुढे, वाटेवर आडवी रेघ मारली.

गुंडोचा चेहरा पाहवत नव्हता. आपण बापाला सगळ्यांसमोर उघडं केलं, असं तिला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. तो काहीतरी बोलणार होता, बहुतेक फार वाईट. पण त्याचं तोंड अर्ध्यातच थांबलं आणि मान वर झाली. कान अजून शाबूत होते त्याचे. वर जाळीत, खडकाच्या अलीकडे, खूप खालच्या पट्टीत घरघर होत होती. पोटातली घरघर.

"दोड्डप्पा," तो पुटपुटला. रानात हत्तीला हत्ती म्हणायचं नाही, थोरल्या काकाचं नाव द्यायचं. मुलांना हे काल सांगून झालं होतं. रांग जागच्या जागी थिजली.

गुंडोनं चिमूटभर धूळ बोटांतून सोडली. ती त्यांच्याकडेच उडाली. वारा वरून खाली येत होता, म्हणजे त्याला अजून वास लागला नव्हता. "मकरंदसाहेब, पोरांना घेऊन खाली. हळू. पाठ दाखवायची नाही, धावायचं नाही." मकरंदनं एकही प्रश्न विचारला नाही. त्यानं सगळ्यांत लहान दोघांचे खांदे धरले आणि तो उलट्या पावलांनी निघाला. विद्याताईंनी शेवटच्या मुलाचा हात घट्ट धरला. बापलेक तिथंच राहिले, कारण कुणालातरी मध्ये राहावं लागतं.

घाणेरी हलली आणि तो बाहेर आला. एक सुळा लांब, एक आखूड. डोक्यावर लाल माती.

"कान?" गुंडोनं विचारलं. तिनं चमकून बघितलं. तो हत्तीच्या जरा डावीकडे बघत होता. त्याला तिथं फक्त काहीतरी करडं दिसत होतं.

"उघडे," ती म्हणाली.

"सोंड?"

"वर. वास घेतोय."

"शेपूट?"

"ताठ, अप्पा."

"पुढचा पाय?"

"झुलवतोय. मागं-पुढं."

"मग त्याचं ठरलं नाही अजून. हलू नकोस."

ती हलली नाही. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायची सोय नव्हती. हत्तीनं दोन ढांगा पुढे टाकल्या, धूळ उडवली आणि थांबला. गुंडोनं तिचं मनगट पकडलं. त्याची पकड जबरदस्त होती. मागून उतरणाऱ्या मुलांच्या बुटांचा आवाज हळूहळू लांब जात होता.

"कान सांग."

"हलायला लागले. पंख्यासारखे."

"सोंड?"

"खाली आली. पाला धरला."

गुंडोनं श्वास सोडला. "आता मागं. मी तुझ्या पावलांनी चालतो. तू बघ." आणि ती हत्तीकडे बघत, तो तिच्या मनगटाला धरून, अशी दोघं मागं मागं उतरली.

तंबूंत आल्यावर मुलांना गरम दूध दिलं गेलं. दोघं-तिघं रडत होती, बाकीची एकदमच खूप बोलत होती. संहिता कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मकरंदनं विचारलं तेव्हा हुंदके देत तिनं सांगितलं. चहा होत होता तेव्हा ती काडी घेऊन फाट्यापर्यंत गेली होती. तिथं ठसा होता. काल शिकवलं तशी तिनं शेजारी रेघ मारली.

"अगं, काय केलंस हे!" मकरंद म्हणाला. "म्हणून अण्णा फसले! त्यांना वाटलं त्यांची रेघ." त्याच्या आवाजात राग कमी आणि सुटका जास्त होती. सगळ्यांचेच चेहरे सैल झाले. उत्तर सापडलं होतं. एका पोरीचा खोडसाळपणा, दुसरं काही नाही.

सौम्यानं बापाकडे पाहिलं. तो दगडावर बसून कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून होता. त्यानं आता गप्प बसायचं होतं, एवढंच. शाळा वाचणार होती, नाव वाचणार होतं, काठीही. तिनं स्वतः तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. आजच्यापुरतं तिनं पुष्कळ केलं होतं. पण बाप गप्प बसला असता तर ती त्याला कधीच माफ करू शकली नसती, हे तिला आतून कळत होतं. गुंडोनं कॉफी संपवली. पेला खाली ठेवला.

"पोरीला बोलू नका," तो म्हणाला. "रेघ तिची होती, सरी. पण त्या रेघेशेजारी सुपाएवढा पाय होता आणि तो मला दिसला नाही. मला दिसत नाही. ठसा दिसत नाही, आत्ता तुमचं तोंडही धड दिसत नाही. दोन वर्षं ही पोर खोकते आणि मी बोलतो."

विद्याताईंनी मान खाली घातली. त्यांना ते ठाऊक होतं, पण असं ऐकायला त्यांनाही जड गेलं.

गुंडोनं संहिताला जवळ बोलावलं. "रेघ मारलीस ते मारलीस. त्याआधी वाचलंस का काही?"

"हो," ती नाक पुसत म्हणाली. "मोठा एकटा हत्ती. वर गेलेला. आणि ताजा असणार, कारण त्याच्यात दव नव्हतं."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस गे?"

"तुम्हीच म्हणालात ना. रेघ मारली की झालं. विचारायचं नाही, बोलायचं नाही."

गुंडो उघड्या तोंडानं तिच्याकडे बघत राहिला. पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट घराण्याचा मान म्हणून सांभाळली, तिनं आज मुलांची रांग हत्तीच्या पुढ्यात नेऊन उभी केली होती.

विद्याताई त्याच्याशेजारी येऊन बसल्या. "शाळेचं मी आज काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "खोटा धीर देत नाही. आधी डोळे दाखवा, मी येते बरोबर. पण एक विचारते. वर तुम्ही दोघं जे बोलत होतात, कान, सोंड, शेपूट, ते शिकवता येईल?"

"मी एकटा असतो तर नाही," गुंडो म्हणाला. "ही असेल तर येईल."

दुपारी ऊन तापल्यावर, हत्ती खडक ओलांडून पलीकडे गेल्याची खात्री करून, बापलेक डबा आणायला निघाले. सौम्यानं वाटेत काठी पुढे केली. गुंडोनं ती घेतली नाही, नुसता तिच्या मागून चालत राहिला. थोड्या वेळानं तो खोकला. सौम्या चटकन थांबली, आजूबाजूला पाहू लागली.

"काही नाही गे," तो म्हणाला. "खरंच खोकला आला."

दोघांनाही हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

डबा फाट्यावर होता तसाच होता. उप्पिट्टू गार होऊन घट्ट झालं होतं. शेजारी ठसा, आणि त्याच्या बाजूला पोरीची तोकडी रेघ. गुंडो उकिडवा बसला. सौम्यानं त्या रेघेशेजारी आपली रेघ मारली, माग वाचून मारलेली आयुष्यातली पहिली, आणि सवयीनं पुढे निघायला वळली.

"थांब," गुंडो म्हणाला. "काय वाचलंस?"

तिला आधी कळेचना. त्यांच्या घरात रेघेनंतर कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. पण बाप तोंड वर करून, तिच्या जरा डावीकडे बघत, उत्तराची वाट पाहत होता. ती त्याच्यासमोर धुळीत बसली, त्याचा हात धरून ठशाच्या कडेवर ठेवला आणि टाचेपासून मोठ्यानं सांगायला लागली.